‘बस’मध्ये आवाज किती?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका ताईंनी विचारलं आहे. सहावीचा वर्ग, पट 34. त्यात एक मुलगा आहे. तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे, गोष्ट सांगायला उभा राहिला की वर्ग गप्प होतो. मराठी अडखळत का होईना वाचतो. इंग्रजीच्या नावानं मात्र भोपळा. पहिलीपासून इंग्रजी असूनही ‘कॅट’ वाचता येत नाही आणि आज घोकलेलं स्पेलिंग उद्या पाटी पुसल्यासारखं कोरं. एक सहकारी म्हणतात डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं) असेल, दुसरे म्हणतात आळस आहे, मुख्याध्यापक म्हणतात इंग्रजीचं सोडा आणि बाकीचं सांभाळा. ताईंचा प्रश्न असा, की पुस्तकातल्या शब्दांच्या डोक्यावर मराठीत उच्चार लिहून द्यावेत का, की खरंच इंग्रजीचा नाद सोडावा?

ताई, मी विशेष शिक्षिका आहे. एकवीस वर्षं मराठी माध्यमातल्या मुलांबरोबर हेच काम करते आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते, पण त्याआधी ‘त्याला इंग्रजी येत नाही’ हे वाक्य उसवायला हवं. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र शिवल्या आहेत. इंग्रजी ही भाषा त्याच्या कानावरून फारशी गेलेली नाही, ही एक. इंग्रजी अक्षरांवरून शब्द उलगडणं जमत नाही, ही दुसरी. आणि उलगडलेलं कागदावर उतरवणं जमत नाही, ही तिसरी. आपण वर्गात तिन्ही एकदम मागतो, तेही अशा शब्दांवर जे त्यानं आयुष्यात कधी ऐकलेले नसतात. मराठी वाचताना निदान शब्द ओळखीचा असतो, अर्धा वाचला की उरलेला अंदाजानं पुरा होतो. इंग्रजीत अंदाजाला आधारच नाही.

आता माझ्या हातात नसलेल्या गोष्टी. मी त्या मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला डिस्लेक्सिया आहे की नाही हे मी इथून सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर तुम्हीही मानू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मग हजेरीपट काढा. 2020 साली पहिलीत नाव घातलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग मोबाइलवर पाहिला किंवा पाहिलाच नाही. आईबाप ऊसतोडीला जात असतील तर दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने तो कारखान्यावर कोपीत, म्हणजे झोपडीत, असतो. घरात पावरी, कोरकू किंवा बंजारा बोलत असतील तर मराठी हीच त्याची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. या मुलांना शिकवणं कमी मिळालेलं असतं आणि बाहेरून ते अगदी अक्षमतेसारखं दिसतं. फरक कळतो तो नीट शिकवायला लागल्यावर. ज्याला फक्त शिकवणं मिळालं नव्हतं ते पोर दोन-तीन महिन्यांत झपाझप पुढे येतं. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असलेलं पोरही पुढे येतं, पण दहा वेळा सांगितलेलं अकराव्यांदा सांगावं लागतं. चांगली गोष्ट ही की दोघांसाठी सुरुवात एकच आहे, म्हणून निदानाची वाट बघत थांबू नका.

तुम्ही लिहिलंय ‘मराठी अडखळत वाचतो’. त्यावर मी सगळ्यात आधी बोट ठेवीन. मराठी बहुतेक ठिकाणी जसं लिहितो तसं वाचतो, क म्हटला की क. त्यामुळे अडचण असलेलं मूलही मराठीत कसंबसं तरून जातं आणि आपण म्हणतो, याला मराठी येतं, इंग्रजीच येत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, सातवीतला. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणाला. मी त्याच्यासमोर बियाण्याच्या पाकिटावरची सूचना ठेवली, तर दुसऱ्याच शब्दाला गाडी अडली. धडा त्यानं ऐकून ऐकून पाठ केला होता, डोळे फक्त ओळीवरून फिरत होते. तुम्ही अर्थ नसलेले शब्द लिहून बघा: ‘मटफा’, ‘किरूल’, ‘सोगपी’, ‘भुनेध’. यात पाठांतर चालत नाही. भ-म, घ-ध, थ-य यांत गल्लत होते का, वेलांटी आणि मात्रा गळतात का, जोडाक्षर आलं की थांबतो का, ते टिपून ठेवा. ही अडचण मराठीतही दिसली, तर ती इंग्रजीमुळे आलेली नाही. इंग्रजीनं ती फक्त उघडी पाडली.

आता चिंचोक्यांचा खेळ. हा मी प्रत्येक मुलाशी पहिल्या दिवशी खेळते. मुलासमोर मूठभर चिंचोके ठेवायचे आणि म्हणायचं, ‘बस’ म्हण, जितके आवाज ऐकू येतात तितके चिंचोके मांड. जवळजवळ प्रत्येक मराठी मूल दोन मांडतं. ब आणि स. हुशार मूलही दोनच मांडतं. मग विचारायचं, यातला पहिला आवाज काढून टाक, काय उरलं? मूल म्हणतं ‘स’. आपल्याला यात काही चूक दिसत नाही, कारण आपल्या लिपीत ते बरोबरच आहे. ‘ब’ या अक्षराच्या पोटात ‘अ’ दडलेला असतो, वेगळा दाखवावा लागत नाही. इंग्रजीत मात्र त्याच शब्दाला तीन अक्षरं लागतात: बी, यू, एस. मधला ‘यू’ म्हणजे आपला लपलेला ‘अ’. मुलाला तो ऐकूच आलेला नाही, मग तो लिहील कुठून? म्हणून ही मुलं ‘बस’ला ‘बी-एस’ लिहितात आणि आपण त्यावर लाल फुली मारतो. त्या मुलानं कानाला ऐकू आलं ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

दोन चिंचोक्यांवरून तिसऱ्या चिंचोक्यावर येणं हे माझ्या मते मराठी मुलाच्या इंग्रजी वाचनातलं सगळ्यात मोठं पाऊल आहे. बहुतेक मुलं ते कुणी न शिकवताच टाकतात. तुमच्या विद्यार्थ्यासारखी मुलं टाकत नाहीत. त्यांना ते हात धरून टाकायला लावावं लागतं, आणि शाळेत ते कुणी शिकवतच नाही. शाळेत काय चालतं? ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.’ या घोषातल्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावांत ‘कॅट’मधला आवाजच नाही. ‘सी’मध्ये क् नाही, ‘ए’मध्ये ॲ नाही. आपण अक्षरांची नावं म्हणवून घेतो आणि मुलानं त्यातून आवाज ओळखावा अशी अपेक्षा करतो. एका मुलीनं मला ‘व्हॅन’चं स्पेलिंग ‘वाय-ए-एन’ लिहून दाखवलं होतं. का गं, तर म्हणाली, “बाई, वायमध्ये व आहे ना!” तिचं तर्कशास्त्र माझ्यापेक्षा पक्कं होतं. ‘डब्ल्यू’ची गोष्ट तर विचारूच नका.

मीही हे चुकलेय. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी पाच महिने ए टू झेड शिकवलं. माती, रांगोळी, सँडपेपर, सगळी हौस केली. पाच महिन्यांनी त्याला 26 अक्षरं चोख येत होती आणि शब्द एकही वाचता येत नव्हता. त्या मुलाचे पाच महिने मी खर्ची घातले, हे मला अजून डाचतं.

मग सुरुवात कुठून करायची? मराठीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांतून. तुमचा मुलगा इंग्रजी बोलत नाही असं तुम्हाला वाटतं, पण त्याच्या तोंडात दिवसाकाठी शंभरेक इंग्रजी शब्द असतात. पेन, पिन, कप, मग, टब, बस, गॅस, बॅग, बॅट, नेट, सिम, नट, सेट, कट, पंप. हे शब्द त्याच्या कानाला ओळखीचे आहेत, अर्थही पक्का आहे. उरलं फक्त अक्षर. मघाच्या तीन गोष्टींपैकी पहिली गोष्ट आपण बाजूला केली आणि एकाच अडचणीवर काम सुरू केलं. गॅरेजवाल्याच्या एका पोराबरोबर मी आधी ‘नट’ आणि ‘पंप’ घेतले होते, मांजर आणि उंदीर फार नंतर आले. तुमच्याकडचा मुलगा शेतकऱ्याचा असेल तर ‘पंप’ आहेच.

पद्धत अशी. आपल्या मुलांना तीन सुटे आवाज जोडायला जड जातं, पण बाराखडी त्यांच्या हाडीमाशी भिनलेली असते. तिचाच उपयोग करायचा. 2009 च्या शासन निर्णयानंतर ॲ आणि ऑ आपल्या वर्णमालेत आले आणि शाळांमधून बाराखडीची चौदाखडी झाली, म्हणजे हे दोन आवाजही मुलाच्या ओळखीचे आहेत. इंग्रजीसाठी मी पाचच घरांची छोटी खडी करते: पॅ, पे, पि, पॉ, प. ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं ‘पी’च्या मागे लावली की अनुक्रमे हे पाच आवाज. मुलाला पटकन पटतं, कारण काना-मात्रा लावण्यासारखंच आहे, फक्त मात्रा डोक्यावर न बसता शेजारी बसते. ही खडी तोंडात बसली की शेवटी एक अक्षर जोडायचं. पॅ आणि न, पॅन. पे आणि न, पेन. पि आणि न, पिन. आधी असे दोन तुकडे, आणि ते सहज झाले की चिंचोके मांडून त्यातल्या पहिल्या तुकड्याचे पुन्हा दोन भाग. क् - ॲ - ट् असे तीन सुटे आवाज पहिल्याच दिवशी जोडायला लावू नका. ते इंग्रजी घरातल्या मुलासाठी ठीक असेल, आपल्याकडे मला हा वळसा जवळचा पडतो.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे ‘के-ए क, के-डबल-ए का’ अशीही एक इंग्रजी बाराखडी शिकवतात. आपलं नाव-गाव इंग्रजीत लिहायला ती कामाची आहे. इंग्रजी शब्द वाचायला ती घातक आहे, कारण तिच्यात ‘ए’चा आवाज अ होतो आणि मूल ‘बॅट’ला ‘बट’ वाचतं. दोन्ही एकाच महिन्यात नकोत.

अक्षरांचा क्रमही ए-बी-सी-डी नको. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा आली की पॅन, पिन, टिन, नॅप, टिप, सिप असे बरेच शब्द तयार होतात, म्हणून जगभर अनेक ठिकाणी याच सहांनी सुरुवात करतात. बी आणि डी कधीही एकाच आठवड्यात आणू नका. आधी बी, तो हाताला पक्का बसला की तीन-चार आठवड्यांनी डी. आणि लहान लिपी आधी. पुस्तकात तीच जास्त असते.

अक्षर शिकवताना ताटात रवा पसरा. मूल बोटानं अक्षर काढतं, काढताना तोंडानं त्याचा आवाज म्हणतं, नाव म्हणत नाही. डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. हे काही माझं डोकं नव्हे. सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूविकारांचे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी अमेरिकेत 1930 च्या दशकात या धर्तीवर काम सुरू केलं, आणि डिस्लेक्सियासाठीच्या बऱ्याच पद्धती तिथून निघाल्या. रवा मात्र आपला.

वहीकडेही बघा. देवनागरी अक्षर रेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं. हे कुणी सांगितलेलंच नसतं. मग मूल चाररेघी वहीत इंग्रजी अक्षरं वरच्या रेघेला टांगतं आणि आपण ‘अक्षर गचाळ’ असा शेरा मारतो. बसण्याची रेघ रंगीत पेन्सिलनं ठळक करून द्या, निम्मं अक्षर सुधारतं. जोडून लिहायची सक्ती या मुलाला तूर्त करू नका, शाळेत सगळी लिहीत असली तरी.

नियम आले की मराठीतूनच समजवा. ‘सी’चा कधी क् आणि कधी स् का होतो, हे मुलाला अन्यायाचं वाटतं. मी त्याला म्हणते, ‘चमचा’ म्हण, आता ‘चमचे’ म्हण. दोन्हीतला दुसरा च सारखा लागला का? मूल दोन-तीनदा म्हणून बघतं आणि डोळे मोठे करतं. लिहिताना च एकच, पण पुढे ए आला की जीभ बदलते. ‘सी’चंही तसंच: पुढे ई, आय किंवा वाय आला की स्, एरवी क्. आपल्याही भाषेत एक अक्षर दोन आवाज काढतं, हे कळलं की इंग्रजीवरचा राग थोडा निवतो. ‘चार’ आणि ‘चाक’ ही जोडीसुद्धा चांगली आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, डोक्यावर मराठी उच्चार लिहिण्याचा. वाचन शिकवताना अजिबात नको. डोळा जिथे सोपं असेल तिथे जातो, खालचं इंग्रजी तो बघणारच नाही. तुम्हाला वाटेल वाचतोय, आणि तो छान मराठी वाचत असेल. कार्डाच्या पाठीमागे लिहा हवं तर, आधी पुढून प्रयत्न, मग उलटून खात्री. पण बोलण्याची वाक्यं, कविता, ओळख करून देणं, यासाठी त्याच्या खिशातल्या वहीत मराठीत लिहिलेलं असलं तर बिघडत नाही. तिथे उद्देश बोलणं हा आहे. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे आवाजाला न जुळणारे शब्द चित्रासारखे ओळखायचे, एका वेळी चार-पाचच, आणि ते रव्यात.

पाठ्यपुस्तकाचं काय? सहावीचा धडा तो यंदा वाचू शकणार नाही, हे मान्य करून टाका. पण ऐकू शकतो. धडा मोबाइलवर सावकाश वाचून घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, दोन-तीन मिनिटांचे तुकडे करून. अर्थ मराठीत सांगू दे. वर्गात इंग्रजी सूचना, छोटे संवाद, यांत त्याला पुढे घ्या. गोष्ट सांगणारा मुलगा आहे, ऐकणं-सांगणं ही त्याची ताकद आहे. चाचणीत त्याला काय समजलं याचे गुण वेगळे ठेवा आणि स्पेलिंगचे वेगळे. प्रश्न त्याला वाचून दाखवा.

वेळेचं म्हणाल तर 34 मुलांत तास काढणं शक्य नाही, ठाऊक आहे. मला रोजची पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आठवड्यातून चार-पाच दिवस. तासभर आठवड्यातून एकदा, याचा काही उपयोग होत नाही. परिपाठानंतर घ्या, दुसऱ्या दोन कच्च्या मुलांना बरोबर घ्या म्हणजे तो एकटा पडणार नाही. खेळाचा तास आणि मधली सुट्टी तेवढी घेऊ नका. आधीच दिवसभर हरणाऱ्या पोराकडे जिंकायची तीच जागा असते. असं केलं तर तीन अक्षरी शब्द सुटे वाचायला माझ्या मुलांना साधारण तीन ते पाच महिने लागले आहेत. काहींना वर्ष लागलं.

इंग्रजी सोडण्याबद्दल. मुख्याध्यापकांचा हेतू वाईट नाही. पण सहावीत सोडलेलं इंग्रजी पुढे परत उचलणं फार जड जातं, आणि हा मुलगा पुढे आयटीआयला गेला तरी यंत्रावरची पाटी इंग्रजीतच असते. दहावीत सवलती मिळतात, हे खरं. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात 1996 सालीच झाली. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट नावानिशी आली. 1995 च्या कायद्यात ती नव्हती. जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट, असं या सवलतींत मिळू शकतं. मुलाचा हक्क आहे, जरूर घ्या. पण जादा वेळ ज्याला थोडं वाचता येतं त्यालाच उपयोगी. भाषेतून सूट घ्यायची की नाही हे नववीत त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून ठरवा.

तपासणीसाठी गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना गाठा, ते जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवतील. एक गोष्ट आवर्जून विचारा: चाचणी मराठीत होणार आहे ना? माझ्याकडे असे अहवाल आले आहेत, ज्यांत मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन ‘वाचन दोन-तीन इयत्ता मागे’ असं लिहिलं होतं. तसं तपासलं तर निम्मा तालुका मागे निघेल. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेल्या ‘डाली’ या डिस्लेक्सियाच्या चाचण्या मराठीतही आहेत; त्या पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी असल्या, तरी मराठीत तपासताच येत नाही ही सबब चालणार नाही. आणि आठ वर्षांच्या आतलं मूल असतं तर मी थांबा म्हटलं असतं; सहावीतल्या मुलासाठी थांबायचं कारण नाही. ‘आळशी’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना एकदा त्याच्या शेजारी बसवून ‘भुनेध’ वाचताना त्याची मान आणि खांदे बघायला सांगा. आळशी मुलाला घाम येत नाही.

म्हणजे या आठवड्यात तुमचं काम एवढंच: हजेरीपटात त्याची पहिली-दुसरी शोधा, अर्थ नसलेले दहा मराठी शब्द वाचून घ्या, आणि चिंचोके मांडायला लावा. ‘बस’, ‘पेन’, ‘कप’, ‘गॅस’ या चारही शब्दांना त्यानं किती-किती मांडले ते लिहून कळवा. सगळीकडे दोन असतील तर पॅ-पे-पि-पॉ-प या खडीपासून सुरू करू. एखाद्या ठिकाणी जरी तीन निघाले, तरी तो शब्द कोणता होता ते मला आधी सांगा.